रायबंदरचा कॉजवे: शहराच्या दोनशे वर्षे आधीचा रस्ता

पणजीत पाटोचा पूल ओलांडून जुन्या गोव्याच्या वाटेला लागले की डावीकडे मांडवी आणि उजवीकडे तिवरांची दाटी व मिठागरे लागतात. रायबंदरपर्यंतचा हा सुमारे ३ किलोमीटरचा रस्ता, म्हणजे कॉजवे, लिन्यारिशचे काउंट मिगेल द नोरोन्या यांनी १६३३-३४ मध्ये बांधून घेतला. १६२९ ते १६३५ या काळात ते गोव्याचे व्हाइसरॉय होते.

तेव्हा राजधानी जुन्या गोव्यात होती. पणजी म्हणजे आदिलशहाचा वाडा, थोडी वस्ती आणि भोवती दलदल. पुढे साथींनी जुने गोवे ओस पडत गेले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयनी आपला मुक्काम पणजीच्या वाड्यात हलवला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली.

‘आशियातला सर्वांत लांब पूल’ अशी या कॉजवेची ख्याती कौतुकाने सांगितली जाते. खरे तर हा बराचसा बांधच आहे, भरती-ओहोटीचे पाणी ये-जा करावे म्हणून मधून कमानी सोडलेला. पण यात कमीपणा कसला? खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीत, बांध घालून खारे पाणी अडवण्याची आणि मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, ते हवे तेवढेच आत घेण्याची विद्या इथल्या गावकऱ्यांकडे पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून होती.

१९७० साली बांधलेला मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा अनेकांनी त्याच्या शेजारच्या या साडेतीनशे वर्षांच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) बांधकामाकडे बोट दाखवले. ही तुलना अन्यायाची होती. एवढी खोल नदी एका झेपेत ओलांडायची वेळ कॉजवेवर कधी आलीच नव्हती. त्याच वर्षी जुन्या गोव्याची चर्चेस आणि कॉन्व्हेंट युनेस्कोच्या यादीत गेली. तिकडे जाणारी ही वाट यादीबाहेरच राहिली.

जतनाचा खरा प्रश्न चिऱ्यात आहे. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर टणक होतो, पण सच्छिद्रच राहतो. खारे पाणी त्यात झिरपते, सुकते आणि मागे राहिलेल्या मिठाचे कण दगड आतून पोखरतात. जुन्या चुन्याच्या सांध्यांतून ओल बाहेर पडायची. त्यावर सिमेंट लिंपले की ती आतच कोंडते, आणि वरून गुळगुळीत दिसणाऱ्या गिलाव्यामागे चिऱ्याचा भुगा होत जातो. दुसरी अडचण कमानींची. त्यांत गाळ साचला की तिवर रुजतात आणि त्यांची मुळे सांध्यांत शिरतात. तिवरांना कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवे. म्हणून कमानी मोकळ्या करण्याचे काम पुरातत्त्व, वन आणि बांधकाम या तिन्ही खात्यांनी एकत्र बसल्याशिवाय धड होणार नाही.