छोटे इलेक्ट्रॉनिक महोत्सव आले कुठून?

डिसेंबर जवळ आला की पुण्या-मुंबईतल्या ओळखीच्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : सनबर्न या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या महोत्सवासारखंच, पण जरा छोटं, कमी गर्दीचं काही आहे का? लांब जायचीही तयारी असते. चार नावं सांगता येतात, पण हीच नावं का, ते कळायला थोडं मागे जावं लागतं. कारण या संगीतात छोटा मेळावा आधी आला. मोठे मांडव, प्रायोजक, आतषबाजी हे सगळं नंतर त्याच्यावर चढलं.

सुरुवातीचा मोठा भाग आपल्या शेजारी घडलाय, हणजूणच्या किनाऱ्यावर. गोवा मुक्त होऊन जेमतेम दहा वर्षं होत होती, तेव्हा युरोप-अमेरिकेतले भटके तरुण तिथे हिवाळा काढायला येऊ लागले. सॅन फ्रान्सिस्कोचा गिल्बर्ट लेव्ही त्यांच्यातलाच. पुढे गोवा गिल म्हणून तो जगभर ओळखला गेला आणि २०२३ मध्ये गेला. पौर्णिमेच्या रात्री आधी गिटार आणि ड्रम वाजत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लॉरां नावाचा एक फ्रेंच डीजे आणि त्याच्यासारखे काही जण युरोपातलं इलेक्ट्रॉनिक संगीत कॅसेटवर आणून वाजवू लागले. गाण्यातले शब्द कापून टाकायचे आणि नुसता ताल पुढे-पुढे जोडत न्यायचा, ही त्यांची पद्धत.

तबकड्या का नाहीत? गोव्याच्या उन्हात त्या वाकतात, आणि पाठीवर ओझं घेऊन फिरणाऱ्याला जडही होतात. म्हणून कॅसेट, आणि १९८७ मध्ये सोनीने डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) बाजारात आणल्यावर डॅट. काडेपेटीहून थोडी मोठी ती टेप, आवाज अगदी स्वच्छ. पण एक अडचण होती. त्या यंत्रांवर गाण्याचा वेग कमी-जास्त करता येत नसे, त्यामुळे दोन गाण्यांचे ठोके जुळवून एकातून दुसऱ्यात शिरणं जमायचं नाही. मग एक गाणं विझत असताना दुसऱ्याची बिनठोक्याची, नुसत्या सुरांची सुरुवात त्यावर अलगद सोडायची. या पार्ट्यांतून घडलेल्या गोवा ट्रान्स या शैलीच्या गाण्यांना सुरुवातीला आणि शेवटी ते लांबलचक तरंगते तुकडे असतात, त्याचं एक कारण हे. नव्वदच्या दशकात त्या शैलीला नाव मिळालं आणि ती इस्रायलपासून जपानपर्यंत पोचली, पण तिची ठेवण किनाऱ्यावरच्या या अडचणीतून आलेली आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

त्या पार्ट्यांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आसपासच्या गावांतल्या बायका चटया, स्टोव्ह आणि रॉकेलचे दिवे घेऊन यायच्या. रात्रभर चहा, ऑम्लेट, फळं विकायच्या. परदेशी मंडळी त्यांना ‘चाय मामा’ म्हणत (त्यांच्या बोलीत ‘मामा’ म्हणजे आई). थकलेला माणूस त्या चटईवर येऊन टेकायचा आणि पुन्हा उठून नाचायला जायचा. ना कुंपण, ना मनगटावर पट्टी.

इकडे हे चालू असताना इंग्लंडमध्ये तोच प्रकार मोकळ्या माळांवर सुरू झाला होता. मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टन कॉमन या गायरानावर हजारोंच्या संख्येने लोक जमले आणि जवळजवळ आठवडाभर हटले नाहीत. सरकार हादरलं. १९९४ च्या फौजदारी न्याय कायद्यात रात्री उघड्यावर शंभर किंवा जास्त माणसांना जमवून मोठ्याने संगीत वाजवणं थांबवायचे अधिकार पोलिसांना मिळाले, आणि त्यात संगीताची व्याख्याच ‘एकामागून एक येणारे पुनरावृत्त ठोके’ अशी शब्दांत बांधली गेली. ब्रिटनच्या संसदेने एका विशिष्ट तालाला कायद्यात आणलं! अशा पार्ट्या भरवणारे स्पायरल ट्राइबसारखे गट आपले ध्वनिसंच गाड्यांवर लादून युरोप खंडात निघून गेले. जे मागे राहिले त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या : परवाना काढून, कुंपण घालून मोठं व्हायचं, नाहीतर मुद्दाम लहान राहायचं.

१९९७ हे साल या दुसऱ्या वाटेच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगं. पोर्तुगालमध्ये गोव्याच्या पौर्णिमांवरून प्रेरणा घेऊन बूम हा महोत्सव सुरू झाला, आणि त्याच्या तारखा पौर्णिमेभोवतीच बेतल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षी उत्तर जर्मनीत लेर्त्स गावाजवळच्या जुन्या सोव्हिएत धावपट्टीवर फ्यूजन सुरू झाला. विमानांच्या हँगरमध्ये नाच आणि प्रायोजकांना मज्जाव. दोन्ही आज हजारोंनी भरतात, त्यामुळे छोटे म्हणता येणार नाहीत. पण छोट्यांनी पुढे जे नियम स्वतःला घालून घेतले त्यातले बरेच इथले आहेत.

आपल्याकडे वळण आलं ते ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालामुळे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, सवलत मिळाली तर वर्षाला फार तर पंधरा दिवस आणि तीही मध्यरात्रीपर्यंतच. पहाटेपर्यंत चालणाऱ्या पार्टीचा कणाच मोडला. गावात झोपलेल्यांचा विचार करता नियम योग्यच आहे, असं माझं मत. पण त्यातून एक नवा साचा तयार झाला : दुपारी सुरू होऊन दहाला संपणारा, तिकिटाचा, मोठ्या मंचाचा उत्सव. २००७ च्या डिसेंबरात कांदोळीला सनबर्न सुरू झाला तो या काळात. २०१६ ते २०१८ तो पुण्यात आला तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी हा साचा घराजवळ पाहिला. जगभरही तेच वारं होतं. अमेरिकेच्या एसएफएक्स कंपनीने २०१२ पासून महोत्सव विकत घेण्याचा सपाटा लावला आणि २०१६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

या लाटेच्या बाजूलाच दुसरी माणसं शांतपणे काम करत होती. जपानमध्ये २००१ पासून लॅबिरिन्थ भरू लागला : डोंगरातली जागा, एकच मंच, आणि तिथला ध्वनिसंच नीट बसावा म्हणून घेतलेले अपार कष्ट. एकच मंच असल्यामुळे सगळे तेच ऐकतात, आणि वाजवणाऱ्याला सावकाश चढत जायला वेळ मिळतो. २००७ मध्ये फ्रीरोटेशन सुरू झाला; वेल्सच्या सीमेवर हे-ऑन-वाय गावाजवळच्या एका जुन्या हवेलीवजा हॉटेलात तो भरायचा. प्रवेश सदस्यांनाच, काहीशे माणसं, जिन्यात आणि जेवणाच्या टेबलावर कलाकार आणि श्रोते एकत्र. जाहिरात करून संख्या वाढवायची सोयच त्यांनी ठेवली नाही. ज्यांना खरोखर प्रवास करून ऐकायचं आहे त्यांनी आधी या दोघांची रचना समजून घ्यावी, असं मी नेहमी सांगतो.

भारतात त्या परंपरेच्या सर्वांत जवळ जाणारं उदाहरण म्हणजे २०१३ मध्ये राजस्थानच्या शेखावाटीत, आलसीसरच्या महालात सुरू झालेला मॅग्नेटिक फील्ड्स. दिल्लीहून पाच-सहा तासांचा रस्ता, आमच्यासारख्यांना तर त्याआधी विमान. वाळवंटातली डिसेंबरची थंडी, रात्री तंबूत मुक्काम. महालाच्या आवाराची आणि खोल्यांची क्षमताच किती माणसं येतील हे ठरवायची. ध्वनीच्या नियमांत बंदिस्त जागांना वेगळी वागणूक आहे, त्यामुळे जाड भिंतींची जागा निवडण्याला सौंदर्यापलीकडेही अर्थ असतो.

म्हणून कोणी नवं नाव घेऊन विचारायला आलं की मी पोस्टरवरचे मोठे कलाकार बाजूला ठेवून वेळापत्रक मागतो. मंच किती आहेत? एकाला तासभर दिलाय की चार तास? गेल्या वर्षीचे स्थानिक डीजे यंदाही आहेत का? तिकिटांची मर्यादा आधी जाहीर केलेली आहे का? आणि एक शेवटचा प्रश्न, जो मी हणजूणच्या त्या चटयांवरून शिकलो : तिथे रात्री चहा कोण विकतं, गावातलं कोणी की बाहेरून आणलेला ठेकेदार?