रॅम गेली का एसएमपीएस? पीसी पडतो कसा ते आधी बघा

घरी जोडलेला पीसी मधेच बंद पडायला लागला की आपल्याकडं निदान ठरलेलं, रॅम गेली. मग खोडरबरानं रॅमचे पाय घासायचे, परत लावायची, चार दिवस बरं चाललं की "बघ, म्हटलं नव्हतं". पण बऱ्याचदा रॅम बिचारी धडधाकट असते आणि खरा घोळ एसएमपीएसचा, म्हणजे घरची वीज पीसीला लागेल तशी करून देणाऱ्या डब्याचा असतो. वरनं दोन्ही सारखंच दिसतं, पण पडायची तऱ्हा वेगळी आहे आणि ती नीट बघितली तर एक रुपया न घालवता बरंच कळतं.

रॅम खराब असते तेव्हा मशीनला वीज व्यवस्थित मिळत असते, फक्त ठेवलेलं एक आणि परत वाचलेलं भलतंच. त्यामुळं विंडोजला निदान बोंब मारायला तरी वेळ मिळतो, म्हणजे ब्लू स्क्रीन, आणि त्यावरचा कोड बऱ्याचदा बदलता, आज मेमरी मॅनेजमेंट, उद्या पेज फॉल्ट, परवा आयआरक्यूएलवालं काहीतरी. (दरवेळी एकच कोड आणि खाली एकाच ड्रायव्हरचं नाव येत असेल तर आधी तो ड्रायव्हर बघा, रॅमला हात लावू नका.) शिवाय क्रॅश सोडूनही खुणा असतात, मोठी झिप करप्ट निघते, गेमचं इन्स्टॉल अर्ध्यात अडकतं, ब्राउजरचे टॅब आपोआप मरतात, आणि हे सगळं काही जड काम चालू नसतानाही.

एसएमपीएस बोलतच नाही. खट, काळी स्क्रीन, विषय संपला. कोल्हापुरात राजारामपुरीतला आमचा एक मित्र शाहू स्टेडियमवरच्या तालमींच्या फुटबॉल मॅचचे व्हिडिओ एडिट करतो, त्याचा पीसी दिवसभर टाइमलाइनवर कापाकापी करताना एकदम शांत, पण एक्सपोर्ट लावला, प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही तापले, की रिस्टार्ट. दुकानात त्याला नवी रॅम घालून दिली, तरी तेच. लोड आल्यावरच पडणं ही एसएमपीएसची सगळ्यात मोठी खूण, फक्त त्याआधी टेम्परेचर बघून घ्या, कारण कूलर नीट बसला नसेल तर प्रोसेसर तापूनही मशीन असंच पटकन बंद होतं. दुसरी खूण आपल्या लाईटच्या कृपेनं दिसते. लाईट गेल्यावर यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात, चांगला एसएमपीएस फुल लोडवरसुद्धा साधारण १६ मिलिसेकंद कळ काढतो, पण आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) थकलेले असले की तेवढ्यातच मान टाकतो.

आता खरी गोची. ब्लू स्क्रीन आल्यावर विंडोज स्वतःहूनच रिस्टार्ट मारतं, ते सेटिंग आधीपासून चालूच असतं, आणि तुम्ही चहाला उठलेला असाल तर रॅमचा क्रॅशसुद्धा एसएमपीएससारखाच दिसणार. म्हणून आधी ऑटोमॅटिक रिस्टार्ट बंद करा. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल पॉवर ४१ शोधा, मशीन नीट बंद न होता परत चालू झाल्याची ही नोंद. ती एंट्री दोन्हीत येते, त्यामुळं तिच्यावर जाऊ नका, तिच्या डिटेल्समधला बगचेक कोड, म्हणजे ब्लू स्क्रीनचा नंबर बघा. तिथं ० असेल तर विंडोजला काही नोंदवायलाच मिळालं नाही, म्हणजे वीज, तापमान किंवा पार हँग झाल्यावर तुम्हीच दाबलेलं बटण. आकडा असेल तर ब्लू स्क्रीन येऊन गेलेली. २६ दिसला तर तो मेमरी मॅनेजमेंट.

रॅमवर संशय पक्का झाला की मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घालून रात्रभर लावा. विंडोजची स्वतःची टेस्ट पास झाली एवढ्यावर रॅमला सोडू नका. मेमटेस्टमध्ये लाल ओळ, म्हणजे एरर, एक जरी आली तरी फेल, इथं "एकच तर आहे" चालत नाही, दुधात मिठाचा खडा एकच पुरतो. पण लाल ओळ आली म्हणून लगेच नवी रॅम पण नको. आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंग) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगानं पळवायची सोय, बंद करा. डीडीआर४ रॅमची मूळ चाल १.२ व्होल्टची, एक्सएमपी लावलं की बऱ्याच किट १.३५ वर पळतात आणि तो वेग प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरला किंवा बोर्डाला झेपेलच असं नाही, चार स्टिक लावल्या असतील तर अजूनच अवघड. एक्सएमपी बंद केल्यावर एरर गायब झाले तर बहुतेक रॅम चांगली आहे, थोडा वेग कमी करून वापरा. तरी येतच असतील तर एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये, बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडनं दुसऱ्या, टाकून बघा, कुठलीतरी एकच फेल होत असेल तर तीच, आणि सगळ्याच फेल झाल्या तर स्लॉट, बोर्ड नाहीतर प्रोसेसर.

एसएमपीएसला अशी घरबसल्या टेस्ट नाही. १२ व्होल्टची लाईन ११.४ ते १२.६ मध्ये पाहिजे हे खरं, पण साध्या मल्टिमीटरला क्षणभराची घसरण दिसत नाही आणि सॉफ्टवेअरमधले आकडे तर अंदाजपंचे. पुरेशा वॅटचा चांगला एसएमपीएस मित्राकडनं एका दिवसाला आणायचा आणि तोच एक्सपोर्ट परत लावायचा, याला पर्याय नाही. आणताना केबल पण त्याच्याच आणा, मॉड्युलर (केबल काढता-लावता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल दिसायला सारख्या असल्या तरी आतली वायरिंग वेगळी असू शकते, एकाची दुसऱ्याला लावून हार्डडिस्क जळतात. आणि जुना खोलून बघायचा नाद करू नका भावा, प्लग काढल्यावरसुद्धा आत चार्ज राहतो.