सीलिंग स्पीकरच्या वायरी सारख्याच लांबीच्या लागतात?

छतात स्पीकर बसवायचं ठरलं की कुणीतरी हमखास सांगतं: दोन्ही वायरी सारख्याच लांबीच्या घ्या, नाहीतर आवाज मागेपुढे येईल. मग जवळच्या स्पीकरची उरलेली वायर वेटोळं करून फॉल्स सीलिंगच्या वर कोंबली जाते. हा खटाटोप फुकटचा आहे.

वायरीतून सिग्नल सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर वेगाने जातो. एक वायर १० मीटरने लांब असली, तरी उशीर होतो सेकंदाच्या दोन कोटीव्या भागाचा. तेवढ्यात हवेतला आवाज केसाच्या जाडीइतकाही सरकत नाही. सोफ्यावर जरा कलंडलात तरी याहून हजारो पट फरक पडतो!

लांबीमुळे वाढतो तो रोध, म्हणजे वायरीतून वीज जाताना होणारा अडथळा. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत १० मीटर जादा म्हणजे जाऊन-येऊन सुमारे ०.२३ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला त्याने जेमतेम पाव डेसिबलची घट. कानाला कळतही नाही. अंतर फारच असेल तर २.५ ची वायर घ्या, विषय संपला.

डोकं लावायचंच असेल तर छत बंद होण्याआधी लावा. स्पीकरच्या भोकाच्या जागी सांगाड्याची पट्टी येत नाही ना, वायरीला मध्येच जोड नाही ना, ती दिव्यांच्या वायरींना चिकटून तर जात नाही ना, हे बघा. आणि छताचे बोर्ड चढण्यापूर्वी भिंतीपासून मोजपट्टी धरून प्रत्येक जागेचा फोटो काढून ठेवा.