पार्श्वभूमी : लहान उद्योगाचा प्रकल्प अहवाल सुटसुटीत कसा होत गेला

लातुरात डाळमिल काढू पाहणारा तरुण प्रकल्प अहवाल लिहायला बसतो, तेव्हा त्याच्या हाती पडणारा नमुना मुळात त्याच्यासाठी घडलेलाच नसतो. कर्ज देणाऱ्याला निर्णय घेणे सोपे जावे म्हणून तो घडत आला आहे. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि तारण किती, यापेक्षा धंद्यातून उत्पन्न किती निघेल हे पाहून कर्ज द्यावे, या विचाराने जोर धरला. रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये नेमलेल्या टंडन समितीने कर्ज देताना कच्चा माल, तयार माल आणि गिऱ्हाइकांकडून येणे रक्कम किती धरावी, याचे निकष ठरवून दिले. ते मोठ्या कर्जदारांसाठी होते, परंतु त्याच धर्तीचे तक्ते लहान प्रकरणांतही मागितले जाऊ लागले.

१९७८ मध्ये जिल्हा उद्योग केंद्रांची योजना सुरू झाली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले. या केंद्राचे मुख्यालय औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात असल्याने अहवाल लेखनाचे प्रशिक्षण मराठवाड्याच्या दाराशी आले. तरीही नाव, गाव आणि यंत्राचे कोटेशन तेवढे बदलून तयार अहवाल विकत घेण्याची रीत काही सुटली नाही. बँकेला तक्ते हवे असत, अर्जदाराला कर्ज. मधल्या कागदाशी दोघांपैकी कोणाचीच फारशी जवळीक नव्हती.

खरी सुलभता आणली ती नायक समितीने. रिझर्व्ह बँकेने १९९१ मध्ये नेमलेल्या या समितीने खेळत्या भांडवलाचे, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशाचे किचकट गणित एका ओळीत बसवले : अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के ही गरज धरावी, त्यात उलाढालीच्या २० टक्के बँकेने द्यावेत आणि ५ टक्के उद्योजकाने घालावेत. म्हणजे २० लाखांच्या उलाढालीला ५ लाखांचे भांडवल, त्यातले ४ लाख बँकेचे. यामागे पैसा वर्षातून चार वेळा फिरतो, अर्थात एक फेरा तीन महिन्यांत पुरा होतो, असे गृहीतक आहे. वाळूजच्या सुट्या भागांच्या कारखान्याला ते बहुधा मानवेल. तुरीची मुख्य आवक मात्र हिवाळ्याच्या अखेरीस काही आठवड्यांत होते आणि वर्षभराची डाळ भरडायची तर खरेदी तेव्हाच करावी लागते. अशा धंद्याला हे सूत्र तोकडे पडते.

पुढचे टप्पे कागद कमी करण्याचे होते. २०१५ च्या मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतच्या ‘शिशु’ कर्जाला एका पानाचा अर्ज पुरेसा ठरला. २०२० मध्ये आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेने ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांचे अनुदान दिलेच, शिवाय अहवाल करून देण्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्तीही नेमल्या. जे काम पूर्वी दलाल करत होता, ते शासनाच्या खर्चाने होऊ लागले. माल कोण घेणार, हा प्रश्न मात्र या साऱ्या नमुन्यांत दोन-चार ठरावीक वाक्यांत उरकला जातो.

नायक समितीचे २० टक्के हे किमान प्रमाण आहे, ही बाब अर्जदारांना क्वचितच सांगितली जाते. उत्पादनाचा फेरा लांबचा असल्यास प्रत्यक्ष गरजेनुसार अधिक रकमेची मागणी करता येते; त्यासाठी डाळमिलवाल्याने खरेदी-विक्रीचा महिनावार तक्ता अहवालाला स्वतःहून जोडायला हवा, कारण छापील नमुन्यात तो मागितलेला असेलच असे नाही.