लॅपटॉपचा पडदा बॅटरीवर बिघडणे

चार्जर जोडलेला असताना नीट दिसणारा लॅपटॉपचा पडदा चार्जर काढताच मंद होणे, लुकलुकणे, त्याचे रंग फिके पडणे किंवा तो काळा होणे. यांतील बहुतेक प्रकार हा बिघाड नसून वीज वाचवण्यासाठी यंत्राने मुद्दाम केलेली काटकसर असते. हा भेद आधी ओळखला नाही, तर धडधाकट पॅनेल (चित्र दाखवणारा पडद्याचा भाग) बदलले जाते आणि तक्रार जागच्या जागी राहते.

हलके काम चालू असताना लॅपटॉपमध्ये सर्वाधिक वीज खाणाऱ्या भागांपैकी एक म्हणजे पडद्यामागचा प्रकाश, म्हणजेच बॅकलाइट. म्हणून काटकसरीची कात्री पहिल्यांदा त्यावरच चालते. बॅटरी ठरावीक टक्क्यांखाली गेली की विंडोज ब्राइटनेस उतरवते. मॅकबुकमध्येही बॅटरीवर पडदा किंचित मंद करण्याची सोय आहे. एवढ्यापुरते कारण सहज लक्षात येते.

गोंधळ होतो तो चित्र पाहून प्रकाश बदलणाऱ्या तंत्रामुळे. इंटेलचे ‘डिस्प्ले पॉवर सेव्हिंग’ आणि एएमडीचे ‘व्हॅरी-ब्राइट’ बॅकलाइट कमी करतात आणि ती तूट भरून काढण्यासाठी चित्रातील बिंदू उजळ करतात. परिणामी पांढऱ्या कागदासारखी खिडकी बंद करून काळसर खिडकी उघडली की पडद्याचा उजेड आपोआप सरकतो, फोटोतले रंग धुतल्यासारखे दिसतात. ब्राइटनेसच्या कळा कितीही दाबल्या तरी हे थांबत नाही, कारण हा बदल त्या कळांच्या मोजमापात येतच नाही. तो ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करावा लागतो. विंडोज ११ मध्ये ‘चेंज ब्राइटनेस बेस्ड ऑन कंटेंट’ हा पर्यायही पाहावा. तो फक्त बॅटरीपुरता चालू ठेवता येतो आणि नेमका म्हणूनच नजरेतून सुटतो. फोटो किंवा छपाईचे काम करणाऱ्याने रंग ठरवण्यापूर्वी हे दोन्ही बंद करावेत.

लुकलुकण्यामागे बरेचदा ‘पॅनेल सेल्फ रिफ्रेश’ असते. पडद्यांची मानके ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेच्या २०११ मधील ईडीपी १.३ या, पॅनेलच्या जोडणीच्या मानकात ते आले. चित्र स्थिर असेल तर पॅनेल स्वतःच्या स्मृतीतून तेच चित्र दाखवत राहते आणि चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स चिपला विसावा मिळतो. ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारे सॉफ्टवेअर) आणि पॅनेल यांचे जमले नाही, तर या अदलाबदलीत पडदा थरथरतो किंवा टाइप केलेले अक्षर उशिरा उमटते. अशा वेळी ड्रायव्हर अद्ययावत करणे किंवा ही सोय बंद करणे हाच उपाय. चार्जर काढताना पडदा क्षणभर काळा होऊन परत येत असेल, तर बहुधा पडद्याचा चित्र ताजे करण्याचा वेग १२० किंवा १४४ हर्ट्‌झवरून (सेकंदाला तितक्या वेळांवरून) ६० हर्ट्‌झवर उतरण्याचा तो क्षण असतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

खरी कसोटी अगदी साधी आहे. लॅपटॉप बायॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मूळ सेटिंगच्या, पडद्यावर सुरू करावा आणि तिथे चार्जर काढून पाहावे. विंडोज अजून सुरूच झालेले नसल्याने तिची काटकसर इथे नसते. तरीही पडदा लुकलुकला, तर संशय यंत्राच्या भागांवर जातो. पडदा पूर्ण काळा असेल तर टॉर्च तिरकी धरावी. पुसट चित्र दिसले, तर चित्र येत आहे, फक्त बॅकलाइट बंद आहे असे समजावे. बिजागरी हलवल्यावर लक्षण बदलत असेल, तर दोष बहुधा पडद्याच्या केबलचा असतो, बॅटरीचा नव्हे.

अनेक लॅपटॉपचा चार्जर सुमारे १९ व्होल्ट देतो, तर तीन सेलच्या बॅटरीचा नाममात्र दाब ११ व्होल्टच्या आसपास असतो. ज्या रचनेत चार्जरची वीज थेट मदरबोर्डवर पोचते, तिथे चार्जर काढताच बॅकलाइट चालवणाऱ्या परिपथाला मिळणारा दाब एकदम उतरतो. परिपथ दुबळा असेल किंवा जुन्या बॅटरीचा दाब भाराखाली कोसळत असेल, तर पडदा विझतो. बॅटरी बदलण्यापूर्वी विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता ताडून पाहावी. बॅटरी फुगून कळफलक किंवा टचपॅड वर उचलला गेला असेल, तर मात्र या चाचण्या करू नयेत. लॅपटॉप बंद करून, चार्ज न करता, दुरुस्तीला द्यावा.