गेलिक गाणं आणि गुणपत्रिका: मॉड स्पर्धेची पार्श्वभूमी

दर ऑक्टोबरात स्कॉटलंडमध्ये आठवडाभर 'मॉड' भरतं, म्हणजे गेलिक या तिथल्या जुन्या भाषेतल्या गाण्या-कवितांची स्पर्धा. गाव दर वर्षी वेगळं: 2022 मध्ये पर्थ, 2023 मध्ये पेझली, 2024 मध्ये ओबन. एकल गायन, समूहगान, कवितापठण, कथाकथन, फिडल, बॅगपाइप, 'क्लार्साख' नावाची छोटी हार्प, असं सगळं असतं. रात्री पबमध्ये गाणं रंगतं, म्हणून चेष्टेनं त्याला 'व्हिस्की ऑलिंपिक' असंही म्हणतात. सगळ्यात मानाचं एकल गायनाचं सुवर्णपदक. पुरुषांचं आणि स्त्रियांचं वेगळं, ही जुनी रीत. निकाल लागला की एक वाद हमखास निघतो: पदक मिळवणारं हे गाणं पश्चिमेकडच्या गेलिक बेटांवरच्या घरांत गायलं जायचं त्या जातीचं आहे का? या वादाचं मूळ परीक्षकांच्या आवडीनिवडीपेक्षा स्पर्धेच्या रचनेत आहे. स्पर्धेत गुण द्यावे लागतात, आणि गुण देता येतील अशा गोष्टींकडे गाणं हळूहळू झुकतं.

हे आधी बॅगपाइपच्या बाबतीत घडलं. 1781 मध्ये फॉल्कर्कच्या गुरांच्या बाजारात लंडनच्या हायलंड सोसायटीनं (हायलंड म्हणजे स्कॉटलंडचा डोंगराळ उत्तर-पश्चिम भाग) पाइपवादनाची स्पर्धा भरवली आणि काही वर्षांतच ती एडिंबरात नेली. पाइपवरचं 'मोठं संगीत', म्हणजे लांब, गंभीर चीजा, तोवर 'काउंतराख्क' या बोलांतून, गुरूच्या तोंडून शिकलं जाई. सोसायटीनं ते युरोपीय स्वरलिपीत लिहून आणणाऱ्यांना बक्षिसं दिली. चीजा टिकल्या, पण पुढे छापील पाठ प्रमाण ठरला. घराण्याप्रमाणे वेगळं वाजवणाऱ्याची गत परीक्षकाच्या हातात कोणतं पुस्तक आहे त्यावर ठरू लागली.

गाण्याच्या स्पर्धेला आणखी शंभर वर्षं लागली. मधल्या काळात हायलंडमधल्या जमीनदारांनी मेंढ्यांसाठी गावंच्या गावं उठवली. लोक कॅनडाला गेले, ग्लासगोच्या गिरण्यांत आणि गोदीत गेले. 1872 च्या शिक्षण कायद्यानं शाळा सक्तीची केली, पण त्यात गेलिकचा उल्लेखच नव्हता. 1883 मध्ये नेपियर आयोगानं कुळांची गाऱ्हाणी ऐकली आणि 1886 मध्ये कुळांना जमिनीवर राहण्याचा हक्क मिळाला. या हालचालीत भाषेचा प्रश्नही वर आला. शहरात आलेल्या हायलंडवासीयांनी तोवर गायनवृंद काढलेच होते. ग्लासगोचा सेंट कोलंबा गेलिक वृंद 1874 चा. 1891 मध्ये ओबनला 'अन कोमन गेअलाख' ही संस्था स्थापन झाली आणि 1892 च्या सप्टेंबरात तिथेच पहिलं मॉड भरलं, तेही एका दिवसाचं. नमुना वेल्सच्या 'आयस्टेधवॉड' या वेल्श भाषेतल्या अशाच स्पर्धा-उत्सवाचा होता. तेव्हा स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे अडीच लाखांच्या आसपास होते.

संस्थापकांत जमीनदार होते, पाद्री होते, शहरी मध्यमवर्ग होता. संगीताची त्यांची कल्पना व्हिक्टोरियन सभागृहातली: स्वच्छ आवाज, ठरलेली पट्टी, चार आवाजांची जुळणी. लॉर्ड आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी तर जवळजवळ विसरलेली क्लार्साख ग्लासगोत नव्यानं बनवून घेतली. या वाद्याचा पुढचा इतिहास सुखाचा आहे. 1931 च्या डिंगवॉल मॉडमध्ये तिच्यासाठी स्वतंत्र संस्था निघाली आणि आज ती शाळांतून शिकवली जाते.

गाण्याला खरं वळण दिलं ते लिपीनं. मॉडची गाणी छापली गेली ती जॉन कर्वेननं लोकप्रिय केलेल्या 'टॉनिक सोल-फा'मध्ये. आपल्या सरगमसारखाच हा प्रकार: स्वरांना अक्षरं, आणि 'डो' कुठल्याही पट्टीवर धरता येतो. पाच रेषांची लिपी न येणाऱ्या मजूर, कारकून, शिक्षकांनाही यातून वृंदगीत बसवता येई, आणि अनेक गेलिक वृंद अजून यातूनच शिकतात. पण या लिपीत मात्रा सारख्या विभागाव्या लागतात. पारंपरिक गेलिक गाण्यात मात्रा शब्दाच्या वजनानं लांबते-आखडते, दर कडव्याला चाल जराशी हलते, स्वराला लागून बारीक हरकती येतात. कागदावर पहिल्या कडव्याची चाल उतरली आणि बाकीची कडवी तिच्यात कोंबली गेली. वीस-पंचवीस कडव्यांची लांब गाणी तीन-चार कडव्यांवर आली, कारण रंगमंचावर वेळ मोजलेला असतो. समूहगानाची तर गंमतच आहे. गेलिक परंपरा मुळात एकाच सुरावटीची. चार आवाजांचं गेलिक वृंदगीत ही शहरातली निर्मिती. तरी 1903 पासूनची 'लोव्हाट अँड टुलिबार्डिन' ढाल आज वृंदांचं सर्वोच्च पारितोषिक आहे. चांगला वृंद ऐकताना 'हे अस्सल नाही' ही तक्रार फारशी सुचत नाही, हेही खरं.

याच सुमारास पर्थच्या मार्जोरी केनेडी-फ्रेझर 1905 मध्ये एरिस्के बेटावर गेल्या, तिथली गाणी गोळा केली आणि 1909 पासून पियानोच्या साथीनं छापली. त्यांचं गेलिक कच्चं होतं आणि धुकं-समुद्र-विरह या रंगाची हौस दांडगी. बेटावरच्या बायकांचं ठसठशीत गाणं बैठकीच्या खोलीतलं झालं. कवी सॉर्ली मॅक्लीन यांनी पुढे या सगळ्या धूसर रोमँटिकपणावर सडकून टीका केली. तेव्हाही दुसरी वाट होती. स्काय बेटावरच्या फ्रान्सिस टॉल्मी यांचा 105 गाण्यांचा संग्रह 1911 मध्ये साथीशिवाय, नटवल्याशिवाय प्रसिद्ध झाला. अभ्यासक त्याला मानतात. सभागृहांत गाजली ती पियानोवालीच.

काय हरवतं ते 'ओरान लुआय' या, कापड आटवताना गायच्या श्रमगीतांत नीट दिसतं. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ आणि तेलकट असे. ते शिळ्या मूत्रात भिजवत. त्यातल्या अमोनियानं तेल निघे आणि रंग पक्का होई. मग लांब फळीभोवती बायका समोरासमोर बसून ते आपटत आणि सूर्याच्या दिशेनं, म्हणजे उजवीकडून फिरवत. एक जण ओळ गाई, बाकीच्या धृपद उचलत. कापड किती आटलं ते मधल्या बोटानं मापत. कमी आटलं असेल तर आणखी एक गाणं. एका बैठकीत तेच गाणं दोनदा गाऊ नये, असा समज होता, म्हणून गाण्यांचा साठा मोठा लागे. यातली कित्येक गाणी सतराव्या शतकातली, बायकांनीच रचलेली. धृपदात 'ही री, हो रो' असे निरर्थक बोल असतात, पण ते मनाला येतील तसे बदलता येत नाहीत: कडवी एका गाण्यातून दुसऱ्यात भटकतात, बोल मात्र स्थिर राहतात आणि गाण्याची ओळख त्यांच्यावरून पटते. हे गाणं एकट्यानं सभागृहात गायलं की तीन घोळ होतात. उचलणारं कोणी नसल्यानं गायक धृपदानंतर श्वासाला थांबतो आणि ठोका तुटतो. भावपूर्ण व्हावं म्हणून लय संथ होते. आणि बोल भरताड समजून गाळले जातात. नाचासाठी तोंडानं वाजवायच्या 'पुर्श्त अ बिअल'मध्ये उलटं होतं: घाईत शब्द गिळले जातात आणि नाचणाऱ्याला हवा तो हिंदकळा जातो.

पारडं फिरलं ते ध्वनिमुद्रणामुळे. कॅना बेटावर राहून जॉन लॉर्न कॅम्पबेल आणि मार्गारेट फे शॉ या दांपत्यानं गाणी मुद्रित करण्याचं काम आधीपासून चालवलं होतं. 1951 मध्ये एडिंबरा विद्यापीठात स्कॉटिश अध्ययनाची संस्था सुरू झाली आणि कॅलम मॅक्लीन टेपरेकॉर्डर घेऊन बेटांवर हिंडू लागले. त्याच वर्षी एडिंबरात लोकगीतसंग्राहक हॅमिश हेंडरसन यांनी भरवलेल्या कार्यक्रमात बॅरा बेटावरच्या फ्लोरा मॅकनील आणि कॅलम जॉन्स्टन हे साथीशिवाय, घरच्यासारखे गायले. शहरी श्रोत्यांच्या कानांवर मॉडच्या धाटणीपेक्षा वेगळं गाणं पडलं. मॅक्लीन आणि इतर संग्राहकांची हजारो मुद्रणं 2010 पासून 'तोबर अन दुअलखिश' या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात.

मॉडही बदललं. पारंपरिक गायनाच्या वेगळ्या स्पर्धा आल्या, ओरान लुआय गटानं गाण्याची स्पर्धा आली, मुलांमध्ये घरी गेलिक बोलणारे आणि शिकणारे असे विभाग झाले. गेलिकचे परीक्षक वेगळे आणि संगीताचे वेगळे, ही व्यवस्था मला मॉडची सर्वांत शहाणी गोष्ट वाटते, कारण गोड गळा असला तरी उच्चाराची चूक झाकली जात नाही. चुकाही ठरावीक असतात. देशाचं नाव लिहिताना 'आल्बा' दिसतं पण म्हणायचं 'आलापा'. मधला स्वर गाळला की मात्रा कमी पडते आणि चाल लंगडते. 'माक' असं लिहिलेला शब्द 'माख्क' असा, क-च्या आधी हवा सोडून म्हणायचा. ऱ्हस्व-दीर्घ बदललं तर अर्थ बदलतो, आणि नेमका ऱ्हस्व स्वर लांब नोटेवर आला की शिकाऊ गायक तो ताणतोच.

स्पर्धा नको, फक्त शिकवणी हवी, हा विचार 1981 मध्ये बॅरावर रुजला. तिथल्या 'फेश'मध्ये (उत्सवात) मुलं काही दिवस गाणी, वाद्यं, नाच शिकली, गुण कोणालाच नाहीत. ते लोण पसरलं आणि 1991 मध्ये 'फेशान नान गेअल' ही मध्यवर्ती संस्था झाली. अटलांटिकपलीकडे, नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटनला हायलंडच्या विस्थापितांनी कापड आपटायची बैठक नेली होती. तिथे आज कापड आटवायची गरज उरलेली नाही, पण टेबलाभोवती बसून, कापड आपटत, आळीपाळीनं कडवी घेत ती चालूच आहे. वृंदगीताचा संस्कार कमी झाल्यानं तिथली लय अजून दणकट आहे.

2022 च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे सुमारे 69,700 निघाले. मॉडच्या अनेक वृंदांत बरेच लोक भाषा मोठेपणी शिकलेले किंवा शिकत असलेले असतात. त्यांच्यासाठी चांगले शिक्षक आता क्रम बदलतात: आधी सोल-फाचा कागद बाजूला ठेवून शब्द नुसते बोलायचे, मग त्या गाण्याचं बेटावरचं जुनं मुद्रण निदान दोन वेगवेगळ्या आवाजांत ऐकायचं, आणि शेवटी नेमून दिलेला छापील पाठ उघडायचा. तिन्हींत फरक दिसला तर स्पर्धेपुरता छापील पाठ धरतात, आणि वगळलेली कडवी पाठ करून पबमधल्या रात्रीसाठी राखून ठेवतात.