नायट्रोजन भोकात अडकत नाही: झिओलाइटची खरी ओळख

हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरबद्दल एक समजूत कोविडच्या २०२१ मधल्या दुसऱ्या लाटेपासून पक्की बसली आहे. आत झिओलाइट या सच्छिद्र खनिजाची चाळणी असते, तिच्या भोकांतून बारीक ऑक्सिजन निघून जातो आणि जाडा नायट्रोजन मागे राहतो, अशी. पण या यंत्रांत सहसा जो एक्स प्रकारचा झिओलाइट असतो, त्याची भोकं सात-साडेसात अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) रुंद असतात. नायट्रोजनचा रेणू ३.६४ अँगस्ट्रॉमचा, ऑक्सिजनचा ३.४६ चा. दोघंही आरामात आत शिरतात.

मग नायट्रोजनच का थांबतो? झिओलाइटचा सांगाडा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा. त्यात काही जागी सिलिकॉनऐवजी ॲल्युमिनियम बसलेलं असतं. सिलिकॉनची संयुजा चार, ॲल्युमिनियमची तीन, त्यामुळे अशा प्रत्येक जागेमागे सांगाड्यावर एक ऋण प्रभार उरतो. तो फेडायला सोडियम किंवा लिथियमचे धन आयन पोकळ्यांच्या भिंतींशी येऊन बसतात. हे आयन सांगाड्यात गुंफलेले नसतात, म्हणून त्यांच्या जागी दुसरे घालता येतात. पाण्यातलं कॅल्शियम घेऊन सोडियम सोडणारी कपड्यांची पावडर यावरच चालते. नायट्रोजनचा रेणू एकूण उदासीन खरा, पण त्याची दोन्ही टोकं किंचित ऋण आणि मधला भाग किंचित धन असतो. याला चतुर्ध्रुव आघूर्ण म्हणतात. धन आयनाजवळचं विद्युतक्षेत्र ती टोकं ओढून धरतं. ऑक्सिजनचं हे आघूर्ण बरंच कमी, म्हणून तो पुढे सरकतो. यंत्रात झिओलाइट भरलेली दोन नळकांडी असतात. एकात हवा दाबानं सोडली की काही सेकंदांत ते नायट्रोजननं भरतं, दाब सोडला की तो बाहेर पडतो, आणि तोवर दुसरं नळकांडं काम करत असतं.

आर्गॉनला असं आघूर्णच नाही, तो ऑक्सिजनसोबतच बाहेर येतो. हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के, आर्गॉन ०.९३ टक्के. सगळा नायट्रोजन काढला तरी ऑक्सिजन ९५.७ टक्क्यांवर थांबणार. घरगुती यंत्रातून ९९ टक्के मिळतो असं कुणी सांगत असेल तर तो यंत्र विकतोय, विज्ञान सांगत नाही.

पाण्याचा रेणू तर नायट्रोजनहून कितीतरी घट्ट बसतो आणि नुसता दाब सोडून निघत नाही. ओलावा आत गेला की नायट्रोजनच्या जागा जातात आणि शुद्धता घसरते. म्हणून नागपुरात उन्हाळ्यात हे यंत्र कूलरच्या झोतात ठेवू नये, आणि धुतलेला फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये.

यंत्रातला झिओलाइट कारखान्यात बनतो. नैसर्गिक झिओलाइट दख्खनच्या बेसाल्टमधल्या वायूच्या पोकळ्यांत सापडतो, आणि या बेसाल्टची पूर्वेकडची कड नागपूरजवळ येते. शहराच्या पश्चिमेकडच्या खदानीतल्या गिट्टीत पांढरा ठिपका दिसला की आधी चाकू लावा. ओरखडा उठला नाही तर क्वार्ट्झ. उठला तर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसलं तर कॅल्साइट. फसफसलं नाही तर चिमूटभर भुकटी कोरड्या परीक्षानळीत, नळी आडवी धरून तापवा. वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमले तर झिओलाइटची शक्यता मोठी. जिप्समही पाणी सोडतं, पण त्यावर नखानं ओरखडा उठतो. भुकटी आधी उन्हात वाळवून घ्या, नाहीतर वरवरची ओल फसवते. आणि अख्खा स्फटिक कधी तापवू नका, तडकतो.

झिओलाइटचेही प्रकार आहेत. नमुना एकाच दिशेनं सोलला जाणारा, त्या पृष्ठावर मोत्याची झाक असलेला, मधे आवळलेल्या जुड्यांचा असेल तर स्टिलबाइट. पांढऱ्या टोकदार सुयांचा झुबका असेल तर स्कोलेसाइट किंवा त्याचा भाऊबंद. लोमोंटाइट हाती लागला तर बंद डबीत ठेवा. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो आपलं पाणी सोडतो, खडूसारखा होतो आणि बोटांत भुगा होऊन येतो.

स्टिलबाइट उशाशी ठेवून ‘ऊर्जा’ मिळते या दाव्याला आधार नाही. शरीरातली ‘विषं’ काढायला झिओलाइटची पूड पिणं त्याहून वाईट, कारण सगळे झिओलाइट निरुपद्रवी नाहीत. तुर्कस्तानातल्या कापादोक्या भागात एरिओनाइट या तंतुमय झिओलाइटच्या धुळीनं गावंच्या गावं फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगानं ग्रासली. म्हणून तंतुमय नमुना कोरडा कुटू नये. ओला करून, मास्क लावून फोडावा.